लाल टोपण, नारिंगी टोपण

औषधाच्या दुकानात लोकांना काउंटर दिसतो, मागची कपाटं दिसतात. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त काम करतो तो कोपऱ्यातला फ्रीज. आमच्या ताडकळस गावाची वीज सांगून जात नाही आणि सांगून येतही नाही, म्हणून त्याला मी वेगळा इन्व्हर्टर लावला आहे. आत थर्मामीटर टांगलेला असतो. पारा दोनच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि आठच्या वर चढू द्यायचा नाही, एवढीच त्या फ्रीजची नोकरी. तो ती नीट करतो की नाही हे पाहणं ही माझी.

या फ्रीजात माझा माल निम्माच असतो. उरलेला फ्रीज गावाचा आहे. साखरेच्या आजाराचे पुष्कळ लोक इन्शुलिनची बाटली विकत घेतात आणि माझ्याकडंच ठेवून जातात. घरी फ्रीज नसतो, किंवा असला तरी त्यात नातवंडं हात घालतात. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. सकाळी जेवणाआधी एकेक जण येतो, आपला डबा मागतो, स्टुलावर बसून पोटाला सुई टोचून घेतो आणि डबा परत देऊन जातो. ही पद्धत मी सुरू केली नाही. एकाचं ठेवलं, मग दुसऱ्याला नाही म्हणता आलं नाही.

केवळाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. बाजाराच्या दिवशी गर्दी असली तरी त्या मध्येच येऊन विचारतात, "माझी हाय ना रे आत? कुणी बदलली न्हाई ना?"

"तुमचीच आहे, मावशी."

"दाखीव."

मी दाखवतो. बाटलीला एकदा हात लावून त्या निघून जातात. एका नवरदेवाच्या भावानं लग्नाचे हार ठेवायला आणले होते आणि एकानं म्हशीचं चिकाचं दूध. दोघांनाही मी परत पाठवलं. औषधाशेजारी दुसरी कसलीही वस्तू ठेवायची नाही, हा माझा नियम आहे. त्यावरून मला गावात थोडं कडक समजतात.

घरी मी एकटा असतो. मुलीच्या शिक्षणासाठी सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, तिच्याबरोबर पुण्याला राहते. दोन्हीकडचा विचार करून आम्ही हे ठरवलं आणि त्यात चुकीचं काही नाही. मात्र सकाळी कुकरला एकच वाटी तांदूळ लावला की भात तळाला लागतो आणि दोन वाट्या लावल्या की उरतो. त्याचं प्रमाण मला अजून जमलेलं नाही.

संध्याकाळची सोबत फौजीची होती. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला अंगद आमच्याकडं पोलीस भरतीची अकॅडमी चालवतो. सगळे त्याला फौजी म्हणतात, पोरं-पोरी सर म्हणतात, मी फौजी म्हणतो आणि तो मला शेठ. आमची जमीन काळी. पाऊस पडला की बुटाला मणभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे त्याची पोरं पिंगळीच्या रस्त्यानं डांबरावर पळतात. स्वस्तातले बूट आणि रोजचं डांबर, त्यामुळे नडग्या, गुडघे, टाचा यांची दुखणी कायमची. फवारा, पट्टी, गोळ्या यांची गिऱ्हाइकं फौजी तयार करायचा आणि संध्याकाळी माझ्याच स्टुलावर बसून माझाच चहा प्यायचा.

"शेठ, तुमी मला कमिशन द्यायला पायजे," तो म्हणायचा.

"चहा कशाचा देतोय मग?"

त्याच्या पोरांनी मला पुष्कळ हसवलं. एकानं विचारलं होतं, "काका, उंची वाढायचं इंजेक्शन हाय का? अर्धाच सेंटिमीटर पायजे." एकाला घोड्याला देतात ते पाहिजे होतं. मी म्हणालो, जनावरांच्या डॉक्टरकडं जा आणि जाताना शेपूट घेऊन जा. अशा पोरांना हसून वाटेला लावता यायचं.

आशाला तसं लावता आलं नाही. ती पेडगावची. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ती ताडकळसला मावशीकडं राहून भरतीची तयारी करत होती. बारीक, उंच, बोलायला कमी. फौजी म्हणायचा, "ही निघणार, शेठ. हिचा टायमिंग पोरास्नी पण येत न्हाई." त्या वर्षीची भरती तिच्यासाठी शेवटची होती. पुढच्या वेळी वय बसत नव्हतं.

थंडीत ती वरचेवर यायला लागली. "काका, टाच लय दुखायलीय. सकाळी उठल्यावर पाय टेकवत न्हाई."

टाचेच्या वर, मागच्या बाजूला, जाड दोरीसारखी शीर असते. तिथं सूज होती. मी चार गोळ्या दिल्या आणि पाचवी देणार नाही म्हणून सांगितलं. वेदना मारून पळायचं म्हणजे गाडीचा इशाऱ्याचा दिवा फोडून गाडी पळवायची. तिला परभणीला हाडांच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. "सरांना इचारते," म्हणाली.

त्याच आठवड्यात फौजी एका संध्याकाळी थर्मासचा डबा घेऊन आला. आत बर्फ आणि बर्फात बोटाच्या पेराएवढ्या तीन काचेच्या कुप्या. तळाला पांढरी पावडर चिकटलेली.

"तुमच्या फ्रीजात ठेवायच्यात. आशाच्या टाचंसाठी हाय. पेप्टाइड म्हणत्यात त्याला."

या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. प्रथिनं म्हणजे लांब माळा आणि पेप्टाइड म्हणजे अशा माळेचा छोटा तुकडा. शब्दाला घाबरायचं कारण नाही, केवळाबाईंचं इन्शुलिनही त्याच जातीचं आहे. फरक असा, की इन्शुलिन माणसांवर तपासलेलं असतं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, जास्त झालं तर काय करायचं, हे सगळं माहीत असतं. खेळाडूंची शीर, स्नायू लवकर भरून येतात म्हणून जी पेप्टाइडं फोनवरून विकली जातात, त्यातल्या बऱ्याचशांचा दाखला उंदरांवरचा असतो. उंदराची शीर भरली, म्हणून आशाची भरेल. भरेलही कदाचित. पण ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही. शिवाय खेळाच्या स्पर्धांत त्यातल्या कित्येकांवर बंदी आहे.

मी एक कुपी उजेडात धरली. इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसाला देण्यासाठी नाही.

"हे वाचलंस का?"

"ते सगळ्यावरच लिवत्यात. कायद्यापुरतं असतंय ते. व्हिडिओत मोठमोठे पैलवान घ्यायलेत, शेठ."

"आत काय आहे ते तुला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. मी ठेवणार नाही."

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "अख्ख्या गावाचे डबे बसत्यात तुमच्या फ्रीजात. माझ्याच डब्याला जागा न्हाई?"

"जागा आहे. नाव काय लिहू त्यावर?"

त्यानं थर्मासचं झाकण लावलं. चहा आलेला होता, तो तसाच राहिला.

तीन-चार दिवसांनी तो पुन्हा आला. काही झालंच नाही असं बोलला, पावसापाण्याचं, निवडणुकीचं. उठता उठता म्हणाला, "ती इन्शुलिनची सिरिंज द्या बरं. एक पाकीट."

"कुणाला लागली साखर?"

"आईला."

फौजीच्या आईच्या तेराव्याला मी जेवून आलो होतो. पंगतीत त्यानंच मला आग्रहानं बुंदी वाढली होती. तो खाली बघत होता, मी पाकिटाकडं. मी म्हणालो, "आईला दुकानात घेऊन ये. मी शिकवतो टोचायला." तो निघून गेला. बाजारात दुसरीही दुकानं आहेत.

त्यानंतर आशा आली ती पांढरीफटक होऊन. मळमळतंय, छातीत धडधडतंय, डोकं गरगरतंय. स्टुलावर बसवून मी रक्तदाब घेतला, नाडी मोजली, साखर पाहिली. नाडी पळून आल्यासारखी चालली होती आणि ती आली होती चालत.

"काय घेतलंस?"

तिनं पिशवी छातीशी धरली. मग म्हणाली, "सरांनी सांगू नका म्हणलंय."

"मी सरांना ओळखतो. किती घेतलंस ते सांग."

"दहा रेघा. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. व्हिडिओत तेवढंच हाय, मी सोता बघितलंय."

"सिरिंज आहे जवळ?"

तिनं पिशवीतून काढून दाखवली. टोपण लाल होतं.

इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं. एकात एका मिलीलीटरला चाळीस युनिट असतात, दुसऱ्यात शंभर. म्हणून सिरिंजही दोन. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचं नारिंगी. दिसायला बहिणी-बहिणी. आमच्या भागात स्वस्त बाटली चाळीसची, म्हणून दुकानादुकानांत लाल टोपणंच जास्त. परदेशातल्या व्हिडिओत दहा रेघा म्हणतात त्या शंभरच्या सिरिंजवरच्या, म्हणजे एका मिलीलीटरचा दहावा भाग. लाल टोपणाच्या दहा रेघा म्हणजे चौथा भाग. ती दर वेळी अडीचपट घेत होती. आणि हे झालं फक्त पाण्याचं माप. त्या पाण्यात काय विरघळलेलं होतं याचा हिशोब वेगळाच.

तिला मी तशीच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना जे होतं ते सगळं सांगितलं. सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत नाडी खाली आली. "इंजेक्शनमुळंच झालं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही," डॉक्टर आशाला म्हणाले. "पण पुन्हा घेऊ नकोस, आणि उद्या टाच दाखवून ये." मावशी आल्यावर मी निघालो.

घरी येऊन मी विचार करत बसलो. आशा म्हणाली होती, अकॅडमीतली दुखणी असलेली आणखी दोन पोरं हेच टोचून घेतात. त्यांच्याकडंही लालच टोपणं असणार. फौजीला माप चुकलंय हे सांगितलं नाही, तर ती पोरं अडीचपट टोचत राहतील. सांगितलं, तर माझ्या तोंडून माप गेलं असं होईल. सुनंदाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "सांगायलाच पाहिजे," म्हणाली. मग विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

सकाळी मैदानावर गेलो. पोरं रांगेत उभी राहून हातपाय मोकळे करत होती. फौजीला बाजूला घ्यायला पाहिजे होतं. पण तो शिट्टी गळ्यात घालून मध्येच उभा होता आणि मीही रागात होतो. सगळ्यांसमोर सांगितलं. लाल, नारिंगी, चाळीस, शंभर, अडीचपट. मातीवर काडीनं मांडून दाखवलं.

फौजी खाली बसून ते आकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हंजी दहा न्हाई, चार! लालच्या चार रेघा म्हंजी बरोबर." तो उठला. "आरं, आयकलं का? मापात चूक व्हती. औषधात काय खोट न्हाई."

"तसं नाही. कुपीत पाणी किती घातलंस?"

"घातलं अंदाजानं..."

"मग चारही खोटं आहे. पावडर कशाची आहे तेच माहीत नाही. चार नाही, शून्य."

पण शून्य कुणी ऐकलं नाही. एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "चार म्हण. लालवर चार." दुसऱ्यानं मला हात जोडले. "लय उपकार झाले काका, आमी दहा घ्यायलो व्हतो." फौजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरांना म्हणाला, "बघा, शेठ सोता मैदानावर आले सांगायला. असा मानूस पायजे."

आयुष्यात माझे आभार इतक्या लोकांनी एकदम कधी मानले नव्हते. आणि मी जे थांबवायला गेलो होतो, त्यासाठीच ते मानत होते. मी खांद्यावरचा हात काढला. "हे चालू राहिलं तर मी एकेकाच्या घरी जाऊन सांगेन," म्हणालो. फौजी हळू आवाजात म्हणाला, "चार वर्सं झाली शेठ, माझं एकबी लेकरू भरतीत लागलं न्हाई. ह्या पोरीवर माझी अकॅडमी उभी हाय. तुमचं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं.

मी बोललो तसं केलं. त्या दोन पोरांच्या घरी गेलो. एकाच्या बापानं कुपी माझ्यासमोर उकिरड्यावर फेकली. दुसऱ्याचा बाप म्हणाला, "तुमच्या दुकानातली न्हाई म्हणून तुमाला पोटदुखी." पण पुढं त्यानंही पोराला बंद करायला लावलं असं ऐकलं. फौजीनं बाकीचं टाकून दिलं, असंही ऐकलं. त्याच्याकडून काही ऐकलं नाही, कारण तो दुकानात यायचा थांबला.

आशाला घेऊन मी आणि तिची मावशी परभणीला गेलो. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, शीर थोडी फाटली आहे, पूर्ण आराम दिला तर सांधेल. पळाली तर तुटू शकते, मग ऑपरेशन. किती आराम, असं तिनं विचारलं. त्यांनी सांगितलेल्या मुदतीच्या आतच मैदानी चाचणी येत होती.

एसटीत ती खिडकीशी बसली. पिंगळी येईपर्यंत बाहेरचा रस्ता बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, तुमचं गणित बरोबर हाय. पण त्यात माझं वय धरलेलं न्हाई."

मावशी म्हणाली, "आगं, पाय राह्यला तर सगळं राहील."

"काय राहील?" आशा म्हणाली.

ती पळाली नाही. चाचणीच्या दिवशी मी दुकानातून तिला फोन करावा असं पाच-सहा वेळा मनात आलं. केला नाही.

उन्हाळ्यात तिचे आईवडील ऊसतोडीहून परत आले. आईला कारखान्यावरच साखर निघाली होती, पायाची जखम भरत नव्हती. इन्शुलिन सुरू झालं. घरी फ्रीज नाही, पेडगावला वीजही भरवशाची नाही. म्हणून आई बहिणीकडं ताडकळसला राहायला आली आणि एका सकाळी आशा तिला घेऊन दुकानात आली. डबा तिनंच आणला होता, नावही तिनंच लिहिलं होतं. मी सिरिंज काढायला वळलो तेवढ्यात ती म्हणाली, "लाल द्या, काका. बाटली चाळीसची हाय." बाटलीवरचा आकडा तिनं आईला दाखवला, मग टोपण दाखवलं. "हे लाल बघायचं. नारिंगी दिलं तर परत करायचं. काकांनी दिलं तरी."

ऊसतोडीला जोडी लागते. एक तोडायला, एक मोळ्या बांधून वाहायला. आई जाऊ शकत नव्हती, म्हणून दसऱ्यानंतर बापाबरोबर आशा गेली.

यंदा उन्हाळ्यात ती परत आल्यावर दुकानात आली होती. काळवंडलेली, हाताला पानांनी चिरलेल्या रेघा. स्टुलाच्या दांडीवर पाय ठेवून तिनं टाच मला दाखवली. सूज नाही, दाबलं तर दुखत नाही.

"चांगली झाली बघा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, पर कळ येत न्हाई."

मी बरं झालं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? टाच खरोखरच बरी झाली होती.

पळाली असती तर शीर तुटली असती की नसती, ती भरतीत लागली असती की नसती, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. माझ्या बाजूनं उत्तर दर वेळी तेच येतं. फौजीच्या बाजूनं मांडलं की वेगळं येतं. तो आता रस्त्यानं मोटारसायकलवरून जाताना समोर बघतो. मी काउंटरवर काहीतरी मोजत असल्यासारखा खाली बघतो. संध्याकाळी चहावाला विचारायचा, एक की दोन. आता विचारत नाही.

येत्या हंगामालाही आशाच जाणार आहे. तिची आई रोज सकाळी येते, फौजीच्या स्टुलावर बसते, डबा मांडीवर घेते. तिला अक्षर येत नाही, पण पोरीनं सांगितलेलं ती विसरलेली नाही. सिरिंज हातात घेऊन ती माझ्याकडं रोखून बघते.

"लाल हाय ना?"

"लालच आहे, वहिनी."

"दाखवा."

मी दाखवतो. ती टोचून घेते, डबा परत देते आणि जाते. बाजाराचा दिवस नसला, तर दुपारपर्यंत औषधं आणि सुटे पैसे सोडून मी बोललेलं तेवढंच असतं.